पूर्वेच्या भिंतीचा आकडा

घर पूर्ण झाल्यावर सोळाव्या दिवशी, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी, पूर्वेच्या खोलीची भिंत श्वास सोडत असल्याचं मोजणी निरीक्षकांच्या यंत्रावर आलं. मिनिटाला अठ्ठावीस, उथळ.

निरीक्षक हर्डीकर बाईंनी यंत्र भिंतीवरून काढलं, पदराने पुसलं आणि पुन्हा टेकवलं. काही फरक पडला नाही. त्यांनी चष्म्यावरून मुकुंद नेवाळकरकडे पाहिलं.

“अर्जात रहिवासी किती लिहिलेत?”

“एक,” मुकुंद म्हणाला.

“इथे दोन येतायत.”

मुकुंदने भिंतीला कान लावला. खरं तर कान लावायची गरज नव्हती. तीन वर्षं तो श्वास त्याने शेजारच्या उशीवर ऐकला होता. दर चौथ्या श्वासाला तो अडखळायचा, जिना चढताना माणूस कठडा धरून थांबतो तसा. भिंतीतलाही चौथ्याला अडखळत होता.

“माझी बायको आहे,” तो म्हणाला. “चारुशीला.”

हर्डीकर बाईंनी फाइल चाळली. “त्यांच्या मृत्यूचा दाखला तुम्हीच जोडलाय. अकरा जानेवारी.”

“हो. प्लॉट दोघांच्या नावावर होता, म्हणून.”

“मग अवघड आहे,” असं म्हणून त्या बसायला काही मिळतंय का ते पाहू लागल्या. खोलीत एक पालथं घातलेलं घमेलं होतं.

“त्याच्यावर नको,” मुकुंद घाईने म्हणाला आणि स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आला. तोवर भिंत थांबली होती. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

निरामय वसाहत तालुक्याच्या गावापासून अकरा किलोमीटरवर, एका उघड्या पठारावर आहे. मोबाइलला रेंज नाही, म्हणूनच ती जागा निवडली गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने मोबाइल फाटकापाशी पत्र्याच्या पेटीत ठेवायचा असतो. घरांना प्लायवूड चालत नाही, फेविकॉल चालत नाही, डिस्टेंपर, व्हार्निश, फिनेल काही चालत नाही. विजेच्या तारा लोखंडी नळीतून न्यायच्या आणि उशाच्या भिंतीतून तर न्यायच्याच नाहीत. घर झालं की कचेरीतून निरीक्षक येतात. त्यांचं यंत्र हवेतले वायू, तारांच्या लहरी आणि राहणाऱ्यांचे श्वास असं तिन्ही मोजतं आणि प्रत्येक भिंतीला एक आकडा देतं. तीनपर्यंत पास. त्याच्या वर गेलं तर दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय मालकाला दिवसा येता-जाता येतं, राहता येत नाही.

मुकुंदच्या घराचा आकडा सगळीकडे शून्य होता. फक्त पूर्वेच्या भिंतीचा पाच.

“असं आधी कधी झालंय का?” त्याने विचारलं.

“मागच्या वर्षी नऊ नंबरच्या जिन्यात खोकला सापडला होता,” हर्डीकर बाई म्हणाल्या. “गवंड्याचा निघाला. तोंडाला फडकं न बांधता गिलावा केला होता त्याने. पण गवंडी हयात होता, त्यामुळे काही अडचण आली नाही. बोलावून घेतलं आणि परत दिला. सही करून घेऊन गेला बिचारा.”

“हिचा कुणाला परत देणार?”

“तोच प्रश्न आहे.”

आठवड्याच्या आत नोटीस आली. पूर्वेच्या भिंतीत अर्जात न दाखवलेली व्यक्ती श्वास सोडताना आढळली आहे. सबब मालकाने पंचेचाळीस दिवसांत, एक, सदर व्यक्तीचा हयातीचा दाखला सादर करावा. अथवा दोन, भिंतीला तैलरंगाचे दोन हात देऊन ती बंद करावी, मात्र तसे केल्यास घर निरामय राहणार नाही याची नोंद घ्यावी. अथवा तीन, गिलावा खरवडून काढावा. खाली हर्डीकर बाईंची सही होती, आणि सहीच्या खाली, टंकलेखनात नव्हे तर हाताने, लिहिलं होतं: वाईट वाटलं.

मुकुंदने नोटीस चार घड्या करून खिशात ठेवली. पाटबंधारे खात्यात तो एकतीस वर्षं आरेखक होता. धरणांचे, कालव्यांचे, सांडव्यांचे नकाशे काढायचा. त्याच्या नकाशात एक रेघ इकडची तिकडे झाली आहे असं कोणा इंजिनिअरने कधी म्हटलं नव्हतं. चारुशीलाची फुप्फुसं आकसत चालली तेव्हा डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं, आणि कारण माहीत नाही असंही सांगितलं. पण फ्लॅटमध्ये नवीन फर्निचर केल्यापासून तिला तिथे बरं वाटत नव्हतं आणि या पठारावर आलं की वाटायचं, एवढं त्याने पाहिलं होतं. तेवढ्यावर त्याने घराचा नकाशा काढायला घेतला. आयुष्यात काढलेला तो सगळ्यात नेटका नकाशा होता.

तो रोज साडेतीनच्या एसटीने येऊ लागला. भिंत चारला सुरू व्हायची. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं चालली होती. दुसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी दोनदा मधेच थांबून पुन्हा सुरू झाली. तो स्टुलावर बसायचा, समोर घमेलं पालथं असायचं आणि त्यामागे भिंत धापत असायची.

चौथ्या दिवशी शरयूताई आल्या. चारुशीलाची थोरली बहीण, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. फाटकावर मोबाइल काढून ठेवायला लावला म्हणून त्या रागातच आत आल्या.

“पेटीत काय ठेवायचा, फोन आहे का चप्पल? बरं, कुठेय?”

मुकुंदने भिंत दाखवली. चार वाजले होते. शरयूताई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पाच मिनिटं त्यांनी ऐकलं. मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

“मुकुंदराव, हे तुम्ही रोज ऐकता?”

“रोज.”

“कशासाठी?”

मुकुंदने स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं, पण त्या बसल्या नाहीत.

“तीन वर्षं माझी बहीण अशी धापली. उशा रचून बसून झोपली. शेवटी सुटली एकदाची, आणि तुम्ही तिला परत भिंतीत धापायला बसवलंय? मेल्यावर तरी पोरीला दम खाऊ द्या!”

“मी नाही बसवलं, ताई.”

“मग कोणी? नोटीस आलीये ना? काय म्हणतात ते?”

“तैलरंग लावा म्हणतात.”

“मग लावा!”

“तिला तैलरंगाचा वास सहन व्हायचा नाही.”

शरयूताईंनी कपाळावर हात मारला. “अहो, आता तिला कसला वास!”

दुसऱ्या दिवशी त्या तैलरंगाचा चार लिटरचा डबा आणि एक ब्रश घेऊन आल्या. रंग पांढरा होता. पहारेकऱ्याने डबा फाटकातून आत सोडला नाही, तेव्हा त्यांनी तो फाटकाबाहेर ठेवला आणि निरोप दिला की चारूला माझ्यावर सोपवलं असतं तर ही वेळ आली नसती. डबा तिथेच राहिला. पहारेकरी त्याच्यावर चहाचा कप ठेवू लागला.

सहाव्या दिवशी भिंत एक तास धापली. त्यात एक उबळ आली आणि ती थांबेना. मुकुंद उठून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उठला आणि सवयीने पाण्याचा पेला भरून घेऊन आला. पेला हातात धरून तो भिंतीसमोर उभा राहिला. उबळ ओसरल्यावर त्याने पेला घमेल्यावर ठेवला. त्या संध्याकाळी एसटी पकडायला जाताना तो फाटकाबाहेर डब्यापाशी थांबला आणि त्याच्यावरची सूचना शेवटपर्यंत वाचली. हवेशीर जागेत वापरावे. शरयूताईंचं बरोबर असेल, असं त्याला वाटलं. त्याने पहारेकऱ्याला सांगितलं की उद्या हा डबा लागेल.

पण आधी गवंड्याला विचारावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो दस्तगीर मुजावरच्या घरी गेला. दस्तगीर सत्तरीचा होता. चुन्याची घाणी फिरवून, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून, महिनाभर भिजवलेल्या चुन्याचा गिलावा करणारा पंचक्रोशीतला तो शेवटचा माणूस. सगळं ऐकून त्याने मान डोलावली. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

“व्हायचंच की साहेब. सिमेट पाणी पितंय आन् गप पडतंय. चुना तसा न्हाई. चुना हवा खातोय. ओला हाय तवर समोर जो बसल त्येचा श्वास घेतोय आन् त्येच्यावर घट्ट हुतोय. म्हणून तर घरच्या मानसानं गिलाव्याफुडं बसायचं असतंय. भितीला वळख पडाया पायजे.”

“पण मग परत का सोडतेय?”

“पुरता वाळला की जास्तीचं परत देतोय. वैनींनी लई दिलं. एकाच भितीला दिलं. हिकडं-तिकडं फिरायची ताकद न्हवती त्यास्नी, म्हणून मीच म्हणलं, वैनी, तुमी ही एक भित सांभाळा, बाकीच्याला मी हाय. माझ्या तोंडाला फडकं हुतं, त्यामुळं माझं काय त्येच्यात न्हाई. सगळं त्येंचंच.”

“दस्तगीरभाई, ती फार धापतेय हो. ऐकवत नाही. रंग लावून बंद करावी म्हणतो.”

दस्तगीरने हाताची बोटं मोजली. मग म्हणाला, “गिलाव्याचं हात किती मारलं मी?”

“तीन.”

“वरचा कंचा?”

“तिसरा. डिसेंबरातला.”

“मग भित आदी कंचा दील?”

मुकुंदने त्याच्याकडे पाहिलं.

“वरनं आत जाणार ती,” दस्तगीर म्हणाला. “तिसरा हात सपला की दुसरा. दुसरा सपला की पैला. पैल्या हाताला वैनी कशा हुत्या, आठवा की.”

मुकुंदने घरी येऊन वही काढली. घराच्या कामाच्या रोजच्या नोंदी त्याने त्या वहीत केल्या होत्या: कोणत्या दिवशी किती चुना, कोणत्या भिंतीचा काय आकडा, आणि चारुशीला किती वाजता आली, किती वाजता गेली. दोन जानेवारी, चार ते चार वीस. ती तिची शेवटची खेप. वॉकर धरून खोलीत पोचायलाच तिला पाच मिनिटं लागली होती. भिंतीचा पहिला दिवस, चार पाच ते चार वीस. एकतीस डिसेंबर, पस्तीस मिनिटं. भिंतीचा दुसरा दिवस, पस्तीस मिनिटं. त्याने बोट ठेवून एकेक ओळ मागे नेली. सगळं जुळत होतं. एकूण एक्केचाळीस दिवस ती बसली होती. सहा झाले होते.

पस्तीस उरले.

त्याने वहीची नक्कल काढून अर्जाला जोडली. अर्जात लिहिलं की सदर व्यक्ती रहिवासी नाही, तिचा हयातीचा दाखला देता येणार नाही, मात्र ती पस्तीस दिवसांत आपली आपण जाणार आहे, तोवर तिला राहू द्यावं. कचेरीत या अर्जावर दोन बैठका झाल्या. मृत व्यक्तीला मुदत देण्याची तरतूद नियमांत नव्हती. हर्डीकर बाईंनी मग पाहुण्यांचा नियम काढला. घरमालकाकडे पाहुणा सलग पंचेचाळीस दिवस राहू शकतो, आणि पाहुणा हयात असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. एका सदस्याने विचारलं की पाहुणा स्वतःच्या घरी कसा असेल. हर्डीकर बाई म्हणाल्या की त्या या घरात एक रात्रही राहिलेल्या नाहीत, तेव्हा पाहुण्याच आहेत. ते सर्वांना मान्य झालं.

मुकुंदला परवानगीचं पत्र मिळालं, तेव्हा त्यातलं ते वाक्य त्याने दोनदा वाचलं. एक रात्रही राहिलेल्या नाहीत.

तिसरा हात संपला आणि भिंत सावरू लागली. अठ्ठावीसचे चोवीस झाले, चोवीसचे बावीस. चौथ्या श्वासाचं अडखळणं आधी सहाव्यावर गेलं, मग दहाव्यावर. आता ती दोन-दोन तास चालायची. मुकुंद येताना थर्मासमध्ये चहा आणायचा. एके दिवशी भिंतीतून तुटक तुटक, झटक्याझटक्याने श्वास येऊ लागले तेव्हा तो दचकला. मग त्याने वही पाहिली. दस्तगीर शिडीवरून चुन्याच्या पिंपात पडला होता तो दिवस. ती हसत होती. मुकुंदही हसला. मोकळ्या खोलीत त्याचं हसणं जरा मोठंच वाटलं.

दुसऱ्या दिवसाची ओळ त्याला वहीत बघावी लागली नाही. भाऊबीजेचा दुसरा दिवस. त्याने चहा आणला नव्हता.

त्या दिवशी घराचा आकडा दोन आला होता. दारांना लावलेल्या जवसाच्या तेलाचा होता तो. यंत्र त्याने कचेरीतून मागून आणलं होतं, आणि चौकटीला ते लावून, तिच्याकडे पाठ करून तो उभा होता. ती या घमेल्यावर बसली होती.

“अहो, दोन आलाय ना? तीनला पास आहे.”

“पास नकोय. शून्य पाहिजे.”

“शून्याचं काय लोणचं घालायचंय? दोन-तीन आकडे असले तरी मी राहीन. दाखला घ्या आणि मला त्या फ्लॅटमधनं काढा. वरच्या मजल्यावर रंगकाम काढतायत म्हणे.”

“दीड महिना. तेल मुरू दे, तिसरा हात होऊ दे. एकदाच काय ते नीट करू.”

“बरं,” ती म्हणाली होती.

त्याला शब्दन् शब्द आठवत होता. भिंतीकडे शब्द नव्हते, तिच्या बाजूचे फक्त श्वास होते. मुकुंद स्टुलावर पुढे सरकून बसला आणि वाट पाहू लागला. ठरल्या वेळी भिंतीचे श्वास जवळ जवळ आले. ती बोलत होती. मग थांबले. तो बोलत असणार. मग पुन्हा घाईचे आले, लोणचं, फ्लॅट, रंगकाम. मग पुन्हा काही नाही. आणि मग एकच श्वास आला, लांब, हळूहळू सोडलेला, सोडून झाल्यावर पुढचा येतो की नाही असं वाटावं इतका उशीर लावणारा. ‘बरं’च्या आधीचा होता तो. त्या दिवशी त्याला तो ऐकू आला नव्हता. त्याची पाठ होती.

“चला,” मुकुंद भिंतीला म्हणाला. “दोनला दोन. आजच राहायला येऊ. चल चारू, ऊठ.”

भिंतीने पुढचा श्वास सोडला, आणि त्याच्या पुढचा, त्या दिवशी आले होते तसे. सहा वाजता ती थांबली. वहीत नोंद होती: पाच पन्नास, आकडा दोन, असमाधानकारक.

फ्लॅटमध्ये चारुशीला नऊ जानेवारीपर्यंत वरच्या मजल्याच्या रंगाचा वास येतो म्हणत होती. दहाला काही म्हणाली नाही.

पहिला हात सुरू झाला तसे श्वास मिनिटाला सोळावर आले. कुठेच अडखळत नव्हते. ते इतके साधे होते की मुकुंदचं लक्ष उडायचं. तो पेपर वाचू लागायचा आणि मधेच वर बघायचा, कोणीतरी समोर बसलंय तेव्हा बघतो तसा. सदतिसाव्या दिवशी शरयूताई परत आल्या. फोन त्यांनी काही न बोलता पेटीत ठेवला.

“रंग लावला नाहीत म्हणे.”

“ऐका तरी,” मुकुंद म्हणाला आणि त्यांना स्टूल दिलं.

शरयूताई बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “लहानपणी ही माझ्या कुशीत झोपायची. अशीच. तोंड उघडं टाकून. लाळ गळायची.”

“अजून गळायची.”

“काय सांगता!” त्या हसल्या, मग डोळे पुसले. “बरी झाली हो.”

“हो.”

“मग आता?”

“आता चार दिवस,” मुकुंद म्हणाला.

शरयूताईंना ते कळायला क्षण लागला. मग त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि सहा वाजेपर्यंत काढला नाही. जाताना फाटकाशी थांबून त्यांनी पहारेकऱ्याचा कप खाली ठेवला आणि डबा उचलला. “हा मी नेते. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला होईल. आणि मुकुंदराव, जेवता का नीट? पट्टा बघा कुठल्या भोकावर गेलाय.”

एक्केचाळिसाव्या दिवशी मुकुंद तीनलाच येऊन बसला. आज भिंतीत यायचा होता तो गणपती गेल्यानंतरचा दिवस, मागच्या सप्टेंबरातला. गिलाव्याचा पहिला हात तासाभरापूर्वीच पुरा झाला होता. भिंत ओली, करडी होती. चारुशीला दारात आली. तिच्या तोंडाला मास्क होता. तीन वर्षांत घराबाहेर तिने तो काढला नव्हता. दस्तगीरने घमेलं पालथं घातलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाला, बसा वैनी. ती बसली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग एका कानावरून मास्क काढला, मग दुसऱ्यावरून, आणि डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

“अहो,” ती म्हणाली होती, “कसलाच वास नाही!”

तो तिचा या घरातला पहिला श्वास. त्या दिवसाचे बाकीचे श्वास भिंत क्रमाने देणार होती, पण हा अगदी तळाशी गेला होता, तो ती सगळ्यात शेवटी देणार होती.

पावणेसहा झाले. श्वास चालू होते, चौदा, शांत. मुकुंदने घड्याळ काढून खिशात टाकलं. मग एक छोटा, जरासा दबका श्वास आला. मास्कमधला होता, तोही तळाचाच. मग शांतता. ती श्वास आत घेत होती, आणि आत घेतलेला भिंतीला माहीत नव्हता. मुकुंदनेही श्वास घेतला आणि धरून ठेवला.

मग भिंतीने तो सोडला. सावकाश, पूर्ण, शेवटपर्यंत. त्यात कुठे घरघर नव्हती. मुकुंदने आपला श्वास जमेल तितका धरून ठेवला, आणि मग त्यालाही सोडावा लागला.

हर्डीकर बाई दोन दिवसांनी आल्या. त्यांनी पूर्वेच्या भिंतीला चार ठिकाणी यंत्र लावलं, चार ते सहा थांबल्या, आणि फॉर्म भरला.

“शून्य,” त्या म्हणाल्या. “नेवाळकर, सगळ्या घराचं शून्य आलं तुमचं. वसाहतीत आजवर कुणाचं आलं नव्हतं. दीड-दोन तरी असतोच. माणसं राहतात म्हटल्यावर असायचाच.”

“दोन लिहाल का?” मुकुंदने विचारलं.

“काय?”

“शून्याऐवजी. पासच आहे ना दोन.”

हर्डीकर बाईंनी पेन वर धरलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घमेल्याकडे, मग फॉर्मकडे. “जे येतं ते लिहावं लागतं हो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “इथे सही करा. रहिवासी एक.”

त्याने सही केली. दाखला मिळाला. त्या आठवड्यात त्याने फ्लॅटमधून आपले कपडे, एक गादी आणि थर्मास आणला. शरयूताईंनी पिठलं करून डबा पाठवला. निरामय घरात पहिल्या रात्री त्याला झोप चांगली लागली, आणि सकाळी त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

दस्तगीर घर बघायला आला तेव्हा त्याने भिंतीवर हात फिरवला, नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, “रिकामी झाली. देत हुती तवर घेत न्हवती. आता घील.”

“वाळलेली असून?”

“ह्या चुन्याचं पोट भरत न्हाई, साहेब. बसणारा पायजे.”

मुकुंद त्यानंतर रोज चार ते सहा घमेल्यावर बसू लागला. स्टूल त्याने स्वयंपाकघरात परत नेलं. सुरुवातीला पाठ अवघडायची. भिंतीसमोर बसून तो विशेष काही करायचा नाही. कधी शेंगा सोलायचा, कधी शरयूताईंना पत्र लिहायचा, कधी भिंतीला दिवसभरातलं सांगायचा.

तीन महिन्यांनी हर्डीकर बाई नियमाप्रमाणे फेरतपासणीला आल्या. दुपारचे बारा वाजले होते. मुकुंद स्वयंपाकघरात कढीला फोडणी देत होता. पूर्वेच्या खोलीतून त्यांनी हाक मारली.

“नेवाळकर, इकडे भिंतीत परत कुणीतरी आहे. मिनिटाला पंधरा. आकडा दोन येतोय.”

तो हात पुसत दारात आला. हर्डीकर बाईंनी यंत्र त्याच्या छातीशी धरलं, मग भिंतीशी, मग पुन्हा त्याच्या छातीशी.

“तुमचेच आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तशी अडचण नाही. तुम्ही हयात आहात. परत हवेत का? इथे सही केली की मिळतील.”

“नको,” मुकुंद म्हणाला. “राहू देत तिथे.”

हर्डीकर बाईंनी मान हलवली आणि लिहिलं: रहिवासी एक, आकडा दोन, पास. मग त्यांनी फॉर्म मिटला, आणि कढीचा वास चांगला येतोय म्हणाल्या.